यीस्टमधली डीएनएची तूट, दुरुस्ती आणि पुनर्संयोजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी, अलिबाग इथल्या बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या मुलांकडून येणारे प्रश्न वर्षानुवर्षं साधारण तेच असतात. परीक्षा तोंडावर आली की त्यांचा पाऊस वाढतो, एवढंच. मधूनमधून आंब्याच्या निर्यातीतले लोक विचारतात, कधी एखादी काळजीत पडलेली आई विचारते. ते सगळे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. 'यीस्ट' म्हणजे इथे बेकरीतलं सॅकॅरोमायसीस सेरेविसी. जनुकांची नावं आपण तोंडी घेतो तशीच लिहिली आहेत.

१. डीएनए तुटतो म्हणजे नक्की काय होतं?

डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकच तुटला तर फारसं बिघडत नाही. दुसरा धागा गुणसूत्र धरून ठेवतो आणि त्याच्यावरून पहिला भरून निघतो. दोन्ही धागे एकाच जागी तुटले की गुणसूत्राचे दोन तुकडे होतात. ही दुहेरी तूट. ज्या तुकड्यावर सेंट्रोमिअर (विभाजनात गुणसूत्र ओढायची पकड) नसतो तो पुढच्या विभाजनात हरवतो आणि त्यावरची जनुकंही जातात. एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) यीस्टपेशीला न सांधलेली अशी एक तूटही मारायला पुरते.

गॅमा आणि क्ष-किरणांनी तूट होते. डीएनएची नक्कल चालू असताना यंत्रणा एका धाग्यावरच्या फटीवर येऊन आदळली तरी होते. काही वेळा तर पेशी स्वतःच मुद्दाम कापते (प्रश्न ६ आणि ८).

२. दुरुस्तीचे प्रकार किती?

बारकावे सोडले तर दोन. पहिल्यात तुटलेली टोकं थेट जोडली जातात: केयू७० आणि केयू८० टोकं धरतात, डीएनएल४ हे लायगेज सांधतं. दुसरा प्रकार समजातीय पुनर्संयोजनाचा. त्यात एमआरई११, रॅड५० आणि एक्सआरएस२ यांचं त्रिकूट (पुस्तकातलं 'एमआरएक्स') एसएई२च्या मदतीने टोकाशी कातरणं सुरू करतं आणि पुढचं लांब कातरकाम एक्सो१ किंवा एसजीएस१-डीएनए२ करतात. ५' टोकाचा धागा मागे जातो, ३' टोकाचा धागा एकेरी शेपटीसारखा उघडा राहतो. त्याच्यावर आधी आरपीए हे एकेरी धागा झाकणारं प्रोटीन बसतं. मग रॅड५२च्या मदतीने आरपीए हटून रॅड५१ची माळ तयार होते, ही माळ सारख्या अक्षरक्रमाचा डीएनए शोधून त्यात शिरते आणि तिथून नक्कल सुरू होते.

वहीचं पान फाटलं म्हणून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यावं, तसं हे आहे. मजकूर परत मिळतो, पण शेजाऱ्याने जे वेगळं लिहिलंय तेही आपल्या वहीत येतं. याचे परिणाम प्रश्न ७ मध्ये.

३. कुठला मार्ग घ्यायचा हे पेशी ठरवते कशी?

मुख्यतः वेळेवरून. नक्कल होण्याआधी, जी१ अवस्थेत, एकगुणित पेशीत गुणसूत्राची दुसरी प्रत नसते. तेव्हा टोकंही फार कातरली जात नाहीत, कारण कातरण्याला सीडीसी२८ या काइनेजची (इतर प्रोटीनांना फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमची) परवानगी लागते आणि ते एस (नकलेच्या) आणि जी२ (नकलेनंतरच्या) अवस्थेत जोरात असतं. नक्कल झाल्यावर भगिनी क्रोमॅटिड, म्हणजे त्याच गुणसूत्राची नवी प्रत, शेजारीच कोहेसिन या प्रोटीनने बांधलेला असतो. तो हुबेहूब असल्यामुळे नेहमीच्या पेशीविभाजनाच्या चक्रात पहिली पसंती त्यालाच.

एक अपवाद परीक्षेत हमखास सुटतो. ए आणि अल्फा हे दोन्ही मेटिंग टाइप (यीस्टची जणू दोन लिंगं, प्रश्न ६) असलेल्या द्विगुणित, म्हणजे दोन संचांच्या, यीस्टमध्ये टोकं जोडण्याचा मार्ग जवळजवळ बंद असतो. एनईजे१ हे त्यासाठी लागणारं जनुक ए१-अल्फा२ ही जोडी दाबून ठेवते. समजातीय गुणसूत्र (दुसऱ्या संचातला जोडीदार) कायम हाताशी असेल तर टोकांचा धोका पत्करायचा कशाला, असा त्याचा अर्थ लावता येतो आणि मला तो पटतो.

४. रॅड५२ मधला ५२ कुठून आला? आणि रॅड९ दुरुस्ती करतो की नाही?

किरणांना हळवे पडणारे म्युटंट जसजसे सापडले तसतसे क्रमांक दिले गेले. ढोबळमानाने ५०च्या खालचे अतिनील किरणांनी मरणारे, ५० आणि वरचे क्ष-किरणांनी मरणारे. म्हणून दुहेरी तुटीची जनुकं रॅड५०पासून पुढे भेटतात. क्रमांक म्हणजे काम नव्हे: रॅड५३ हे धोक्याचा निरोप पोचवणारं काइनेज आहे आणि रॅड९ विभाजन थांबवतो (प्रश्न १५).

५. एवढ्या अभ्यासासाठी यीस्टच का? माणसाच्या पेशी का नाहीत?

यीस्टच्या एकगुणित पेशीत १६ गुणसूत्रं, सुमारे १.२ कोटी अक्षरं आणि सहा हजारांच्या आसपास जनुकं. हा पूर्ण क्रम १९९६ साली हाती आला. पेशी दीड तासात दुप्पट होते, एकगुणित आणि द्विगुणित दोन्ही रूपांत वाढते, आणि हवं ते जनुक नेमक्या जागी बदलता येतं. ही शेवटची सोयही पुनर्संयोजनामुळेच आहे. टेरी ऑर-वीव्हर, जॅक शोस्टाक आणि रॉडनी रॉथस्टाइन यांनी १९८१ मध्ये दाखवलं की कापलेला प्लास्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) यीस्टमध्ये सोडला तर त्याची टोकं जुळणारी जागा शोधून तिथेच घुसतात.

माझ्या मते खरं कारण मात्र एचओ हे एन्झाइम. किरणांचा मारा केला तर प्रत्येक पेशीत वेगळ्या जागी तूट होते, कुणाला पाच तर कुणाला वीस. एचओ एकच ठरावीक क्रम ओळखतं आणि तो सगळ्या जीनोममध्ये एकाच जागी कापतं. ते गॅलॅक्टोजने चालू होणाऱ्या प्रमोटरला (जनुकाच्या बटणाला) जोडलं की माध्यमात गॅलॅक्टोज टाकल्यावर तासाभरात जवळजवळ सगळ्या पेशी एकाच जागी, एकाच सुमारास तुटतात. मग दर काही मिनिटांनी नमुना काढायचा आणि टोकं कधी कातरली, रॅड५१ कधी बसलं, नवा डीएनए कधी लिहिला गेला हे बघत जायचं. जेम्स हेबर यांच्या प्रयोगशाळेने या पद्धतीवर दशकानुदशकं काम केलं.

६. यीस्ट मुळात एचओ कशाला बाळगतं?

मेटिंग टाइप बदलायला. तिसऱ्या गुणसूत्रावर मॅट ही जागा असते. तिथे ए किंवा अल्फा यांपैकी एक मजकूर असतो. त्याच गुणसूत्राच्या दोन टोकांजवळ एचएमएल आणि एचएमआर या मुक्या, म्हणजे वाचल्या न जाणाऱ्या, प्रती असतात. एचओ मॅटला कापतं, आणि दुरुस्ती या मुक्या प्रतीवरून होते. म्हणजे तूट सांधताना मजकूरच बदलतो. या 'कॅसेट'ची कल्पना आयरा हर्स्कोविट्झ, जेफ्री स्ट्रॅथर्न आणि जेम्स हिक्स यांनी १९७७ मध्ये मांडली. पुढे कोल्ड स्प्रिंग हार्बरला हे काम करणाऱ्यांत भारतात जन्मलेले अमर क्लार होते.

दोन गोष्टी बघण्यासारख्या. ए पेशी बहुतेक वेळा एचएमएल निवडते आणि अल्फा पेशी एचएमआर, म्हणजे उलट मजकूर मिळेल अशीच प्रत. आणि अदलाबदल फक्त आधी एकदा मुकुल (अंगावर उगवणारी नवी पेशी) देऊन झालेली मातापेशी करते. नव्या लेकीत अ‍ॅश१ हे प्रोटीन एचओला दाबून ठेवतं. मुक्या प्रतींतही एचओचा क्रम असतो, पण एसआयआर प्रोटीनांनी तो भाग इतका घट्ट बांधलेला असतो की एचओ तिथे पोचत नाही.

७. दुरुस्ती झाली म्हणजे डीएनए पहिल्यासारखा झाला ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

भगिनी क्रोमॅटिडवरून नक्कल झाली तर मजकूर बहुधा तोच राहतो. टोकं थेट जोडली तर एखाद-दोन अक्षरं गळू किंवा वाढू शकतात. समजातीय गुणसूत्रावरून उतरवलं तर त्याचा प्रकार आपल्याकडे येतो आणि द्विगुणित पेशीत त्या जागेचं वैविध्य संपतं. तुटीच्या दोन्ही बाजूंना सारखा क्रम दोनदा असेल तर दोन्ही प्रती एकमेकींवर चिकटून मधला सगळा भाग गायब होतो. याला रॅड५२ आणि रॅड५९ लागतात, लोंबणारे शेपूट छाटायला रॅड१-रॅड१० लागतात, रॅड५१ची गरज नसते. तुटीच्या एकाच बाजूला जोडीदार सापडला तर नक्कल तिथून थेट गुणसूत्राच्या टोकापर्यंत धावते, पीओएल३२ आणि पीआयएफ१च्या मदतीने, आणि अख्खी बाजू बदलते.

आता उरला नीट, योग्य प्रतीवरून उतरवलेला मजकूर. तोही पूर्ण विश्वासाचा नाही. मॅटच्या जागी एचओने केलेली तूट भरताना होणाऱ्या चुकांचं प्रमाण नेहमीच्या नकलेपेक्षा हजारपटीहून जास्त असल्याचं हेबर यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं. दुरुस्तीत लिहिलेला डीएनए नेहमीच्या नकलेइतका तपासला जात नाही. पेशी वाचते, पण किंमत मोजून.

८. मायोसिसमध्ये पेशी स्वतःचाच डीएनए तोडते हे खरं आहे का?

खरं आहे. मायोसिस म्हणजे बीजाणू बनताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन. त्यात एसपीओ११ हे प्रोटीन गुणसूत्रांवर साधारण दीडशे ठिकाणी दुहेरी तूट करतं. ते हे काम करतं हे १९९७ मध्ये सिद्ध झालं. कापल्यावर ते ५' टोकाला चिकटूनच बसतं. एमआरएक्स आणि एसएई२ त्याला थोड्या डीएनएसकट तोडून काढतात, तेव्हा पुढचं कातरणं सुरू होतं. शोध घेण्याच्या कामात रॅड५१च्या जोडीला डीएमसी१ येतं, जे फक्त मायोसिसमध्ये असतं. आणि इथे पसंती उलटी होते: भगिनीऐवजी समजातीय गुणसूत्र.

तुटींपैकी सुमारे ९० ठिकाणी क्रॉसओव्हर होतो, म्हणजे दोन समजातीय गुणसूत्रं आपले तुकडे अदलाबदल करतात. त्यांच्यामुळेच समजातीय जोड्या योग्य दिशांना ओढल्या जातात. एसपीओ११ काढून टाकलं तर बीजाणू तयार होतात, पण गुणसूत्रांची वाटणी बिघडल्याने जवळजवळ सगळे मरतात.

९. परीक्षेत हॉलिडे मॉडेल काढायचं की दुहेरी तुटीचं?

प्रश्नात जे नाव असेल ते. पण दोन्हींतला फरक लिहिलात तर गुण कोणी कापणार नाही. रॉबिन हॉलिडे मक्यावर काणी रोग आणणाऱ्या बुरशीवर काम करत होते; त्यांच्या १९६४च्या मॉडेलमध्ये दोन्ही डीएनएवर एकेक धागा कापला जातो. शोस्टाक, ऑर-वीव्हर, रॉथस्टाइन आणि फ्रँक स्टाल यांच्या १९८३च्या मॉडेलमध्ये सुरुवात एका डीएनएच्या दुहेरी तुटीने होते आणि शेवटी दोन हॉलिडे जंक्शन (दोन डीएनएंचे धागे एकमेकांत गुंतलेले चौफुले) बनतात.

१९८३च्या चित्रात दोन्ही जंक्शन कसेही कापले जातील आणि क्रॉसओव्हर निम्म्या वेळा होईल असं गृहीत होतं. नंतर कळलं की तसं नाही. क्रॉसओव्हर न होणाऱ्या बऱ्याचशा घटनांत जंक्शन बनतच नाही: शेपटी आत शिरते, थोडी नक्कल करते, बाहेर येते आणि आपल्याच दुसऱ्या टोकाला चिकटते. मायोसिसमधली जी दुहेरी जंक्शन टिकतात ती मुख्यतः एमएलएच१-एमएलएच३कडून क्रॉसओव्हरच्या दिशेने सोडवली जातात. बाजारातल्या गाइडांमध्ये ही तिसरी आकृती क्वचितच असते. ती स्वतः काढून शिका.

१०. टेट्राडमध्ये २:२ ऐवजी ३:१ कसं येतं?

जनुक-रूपांतरणाने. टेट्राड म्हणजे एका मायोसिसमधून निघालेले चार बीजाणू. तूट झालेल्या क्रोमॅटिडने समजातीय गुणसूत्रावरून मजकूर उतरवला की एका प्रकाराच्या तीन प्रती होतात, दुसऱ्याची एक. नकलेनंतर दोन धाग्यांत वेगळी अक्षरं राहिली तर एमएसएच२ची यंत्रणा ती एका बाजूने दुरुस्त करते. एमएसएच२ नसेल तर तो बेमेळ बीजाणूतच राहतो आणि पहिल्या विभाजनानंतर एकाच बीजाणूची वसाहत अर्धी एका प्रकारची, अर्धी दुसऱ्या प्रकारची निघते. चार बीजाणूंचे आठ धागे मोजून त्याला ५:३ म्हणतात.

११. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला विकिरण देतात. मग सालीवरचं यीस्ट मरतं का?

सगळं नाही. आंब्यासाठी किमान मात्रा ४०० ग्रे (शोषलेल्या किरणांचं एकक) आहे. वाशी आणि लासलगावच्या केंद्रांत ती दिली जाते, आणि तिचा रोख कोयीतल्या भुंग्यासारख्या किडींची पैदास थांबवण्यावर आहे, फळ निर्जंतुक करण्यावर नाही.

हिशेब करून बघा. माणसाच्या पेशीत दर ग्रेला ढोबळमानाने २० ते ४० दुहेरी तुटी होतात. एकगुणित यीस्टचा डीएनए त्याच्या पाचशेव्या भागाएवढा, म्हणजे ४०० ग्रेला साधारण १५ ते ३० तुटी. रॅड५२ शाबूत असलेल्या द्विगुणित किंवा मुकुल फुटलेल्या पेशी, ज्यांच्याकडे प्रत आहे, त्यांतल्या बऱ्याच तगतात. जी१ मधल्या एकगुणित पेशी जास्त मरतात (प्रश्न ३). सालीवर यीस्टच्या अनेक जाती असतात आणि हा हिशेब सेरेविसीचा, हे ध्यानात ठेवा. आणि नाही, आंबा किरणोत्सारी होत नाही.

१२. आमच्या कॉलेजात साधी लॅब आहे. काय करता येईल? माडीतलं यीस्ट चालेल का?

लॅमिनार फ्लोमधला २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा पुरतो. यीस्ट पातळ करून प्लेटवर पसरा, झाकण काढून (काच आणि प्लास्टिक हे किरण अडवतात) वेगवेगळे सेकंद दिव्याखाली ठेवा, वसाहती मोजा. अर्ध्या प्लेट लगेच फॉइलमध्ये गुंडाळा, अर्ध्या खिडकीच्या उजेडात ठेवा. उजेडातल्या प्लेटवर वसाहती जास्त दिसतील, कारण यीस्टकडे उजेडावर चालणारं फोटोलायेज आहे. डोळे आणि हात झाका. पण हा प्रयोग दुहेरी तुटीचा आहे असं जर्नलमध्ये लिहू नका: अतिनील किरण शेजारची पिरिमिडीन अक्षरं जोडतात, थेट तूट करत नाहीत.

आपल्याकडे बराच काळ ३० अंश हे खोलीचंच तापमान असतं, त्यामुळे वीज गेली म्हणून रडायचं कारण नाही. जून ते सप्टेंबर मात्र बुरशी प्लेटवर चालून येते.

माडीत सेरेविसी मिळतं, पण जिवाणूंच्या गर्दीत. एकेरी वसाहत निवडून शुद्ध करावी लागते. शुद्ध केलं तरी क्रॉससाठी ते त्रास देतं: निसर्गातल्या बहुतेक स्ट्रेनमध्ये एचओ चालू असतं, त्यामुळे एकटा बीजाणूही मेटिंग टाइप बदलून स्वतःच्याच लेकीशी जुळतो आणि द्विगुणित होतो. प्रयोगशाळेतल्या स्ट्रेनमध्ये एचओ बिघडवलेलं असतं. बेकरीच्या पाकिटातलं यीस्ट बहुधा अनेकगुणित, बीजाणू द्यायला कंजूष. क्रॉस करायचे तर पुण्याच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहाकडे शुद्ध कल्चरची चौकशी करा.

१३. लाल-पांढऱ्या वसाहती पुनर्संयोजन दाखवतात म्हणतात. कसं?

एडीई२ जनुक बंद असेल तर अ‍ॅडेनीन बनवताना मधला पदार्थ साचून पेशी लाल होते. अ‍ॅडेनीन कमी घातलेल्या माध्यमावर ते दिसतं. एक चालू आणि एक बंद प्रत असलेली द्विगुणित पेशी पांढरी असते. पुनर्संयोजनात चालू प्रत गेली की तिची संतती लाल. वसाहत सरळ मधोमध अर्धी लाल, अर्धी पांढरी असेल तर घटना प्लेटवरच्या पहिल्याच विभाजनात घडली. अरुंद फाक असेल तर नंतर. मोजण्याआधी प्लेट काही दिवस फ्रिजमध्ये ठेवा, रंग गडद होतो.

फसवणारी एक गोष्ट: श्वसन बिघडलेल्या 'पेटीट' पेशी एडीई२ बंद असूनही पांढऱ्या राहतात. संशय आला की ती फाक ग्लिसरॉलच्या प्लेटवर रेघून बघा. पेटीट तिथे वाढत नाही.

१४. मुलीच्या तपासणीत ब्रका२ मध्ये दोष आला आहे. यीस्टवरच्या या संशोधनाचा तिच्याशी संबंध आहे का?

आहे, पण आडून. ब्रका२ हे कर्करोगाच्या धोक्याशी जोडलेलं माणसातलं जनुक. त्याचं मोठं काम रॅड५१ला तुटलेल्या टोकावर बसवणं. रॅड५१ यीस्टमध्ये ओळखलं गेलं आणि जिवाणूंत हेच काम करणाऱ्या रेकए प्रोटीनशी त्याचं नातं १९९२ मध्ये दिसलं, म्हणून माणसातलं काम पुढे सरकलं. मात्र यीस्टमध्ये ब्रका१ नाही, ब्रका२ही नाही. तिथे बसवण्याचं काम रॅड५२ करतं. उलट उंदरांत रॅड५२ काढलं तर फारसं बिघडत नाही. ब्रका-दोषावर वापरली जाणारी पार्प-रोधक (पार्प हे दुरुस्तीतलं एन्झाइम अडवणारी) औषधंही यीस्टमध्ये थेट तपासता येत नाहीत, कारण त्यात पार्प नसतं.

दोष आढळणं म्हणजे कर्करोग झाला असं नाही. अहवालात बदल 'रोगकारक' लिहिला आहे की 'अर्थ अनिश्चित', हे आधी विचारा. पुढचा निर्णय जेनेटिक समुपदेशक आणि कर्करोगतज्ज्ञांसोबतच घ्या. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी क्लिनिक आहे.

१५. तूट सांधलीच गेली नाही तर पेशी किती वेळ थांबते?

सूक्ष्मदर्शकाखाली ती डंबेलसारखी दिसते: माता आणि तेवढंच मोठं मुकुल, विभाजन अडलेलं. हे अडवणं रॅड९ करतो, असं टेड वाइनर्ट आणि लेलँड हार्टवेल यांनी १९८८ मध्ये दाखवलं. हार्टवेल यांना पेशीचक्रावरच्या कामासाठी २००१चं नोबेल विभागून मिळालं. एकच तूट असेल तर आठ-बारा तासांनी पेशी तुटीसकट पुढे जाते, त्यासाठी सीडीसी५ लागतं. दोन न सांधणाऱ्या तुटी असतील तर सहसा अडूनच राहते.

१६. एचएमएल-एचएमआर काढून टाकले, गॅलॅक्टोजवर सगळ्या पेशी मरायला हव्यात. तरी हजारात एक-दोन वसाहती येतात. त्या कुठून?

चुकून जोडलेल्या टोकांच्या. टोकं बिनचूक जोडली तर एचओचा क्रम परत तयार होतो आणि एचओ परत कापतं. हा खेळ कधीतरी अक्षर गळेपर्यंत किंवा वाढेपर्यंत चालतो. मग एचओला जागा ओळखता येत नाही आणि पेशी सुटते. म्हणजे ही संख्या चुकीच्या जोडणीची आहे, एकूण जोडणीची नाही. एकूण मोजायची तर गॅलॅक्टोज थोडाच वेळ देऊन ग्लुकोजवर न्यावं लागतं.

१७. रॅड५१ आणि रॅड५२ दोन्ही काढले तर पेशी दुप्पट हळवी का होत नाही? आणि कधी रॅड५१ काढल्याने पेशी सुधारते, ते कसं?

दोन्ही एकाच मार्गावर आहेत. मार्ग एकदा बंद पडला की पुढचा दुसरा अडथळा काही वाढवत नाही. दुहेरी म्युटंट रॅड५२ एकट्यासारखाच वागतो. रॅड५१ एकटं गेलं तर हाल थोडे कमी असतात, कारण रॅड५१शिवाय चालणारे मार्ग (प्रश्न ७) रॅड५२च्या जोरावर उरतात.

दुसरा भाग खरा गमतीचा. एसआरएस२ हे हेलिकेज (डीएनएचे धागे उलगडणारं एन्झाइम) नको तिथे बसलेली रॅड५१ची माळ उतरवतं, आणि एसजीएस१ अडकलेले सांधे सोडवतं. दोन्ही एकदम काढले तर पेशी जेमतेम जगते. त्याच पेशीतून रॅड५१ही काढलं की ती पुन्हा बरी वाढू लागते. याचा अर्थ तिला तूट मारत नव्हती. सुरू होऊन अर्धवट अडकलेलं पुनर्संयोजन मारत होतं. एसआरएस२ आणि रॅड५४ ही जोडीही अशीच: दोन्ही गेले तर पेशी मरते, आणि तिलाही रॅड५१ काढून वाचवता येतं.